इन्शुलिन आणि शाळेची घंटा : टोरंटोपासून पाटोद्यापर्यंत

१/
बीड जिल्ह्यातील पाटोदा हा बालाघाटच्या डोंगररांगांतला, मांजरा नदीच्या उगमाचा तालुका. आणि ऊसतोड मजुरांचाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेल्या एखाद्या मुलाला टाइप १ मधुमेह असेल, तर शाळेत दुपारच्या इन्शुलिनची जबाबदारी कोणाची?

२/
हा प्रश्न आजचा वाटत असला, तरी त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात दोन प्रवाह आहेत : एक औषधाचा, दुसरा शाळेतील आरोग्यसेवेचा. दोन्ही दीर्घकाळ वेगवेगळे वाहत राहिले. ते कधी आणि का भेटले, हे या धाग्यात पाहू.

३/
आरंभ प्राचीन काळापासून. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : जन्मतः येणारा ‘सहज’ आणि चुकीच्या आहारविहाराने होणारा ‘अपथ्यनिमित्तज’. पहिल्यातील रोगी कृश आणि सतत तहानलेला, दुसऱ्यातील स्थूल. आजच्या टाइप १ व टाइप २ शी ही विभागणी तंतोतंत जुळत नाही. पण मधुमेही माणूस कृशही असू शकतो, हे निरीक्षण तेव्हाचे आहे.

४/
निरीक्षण होते, उपाय नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची पद्धत रूढ झाली. अन्न इतके कमी करायचे की रक्तातील साखर वाढूच नये. मुले काही महिने, क्वचित काही वर्षे अधिक जगत. पण हाडांचा सापळा होऊन. अशा मुलांच्या शाळेचा विचार करण्याची वेळच येत नसे.

५/
११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले गेले. पहिला अर्क अशुद्ध निघाला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासूनच्या टोचण्यांनी गुण आला. १९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. ज्याच्यावर औषध प्रथम सिद्ध झाले, तो शाळकरी वयाचा मुलगा होता, हे लक्षात ठेवा.

६/
आरंभीचे इन्शुलिन काही तासच टिके, म्हणून दिवसातून अनेकदा टोचावे लागे. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी प्रोटॅमिन मिसळून त्याचा परिणाम लांबवला. पुढे बहुतेक मुलांचे काम घरच्या एक-दोन टोचण्यांवर भागू लागले. आई सकाळी सुई देई, मूल शाळेत जाई. शाळेला या आजाराची दखल घेण्याचे कारण उरले नाही.

७/
आता दुसरा प्रवाह. भारतात शालेय मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोद्यात झाली. संस्थानिक होते सयाजीराव गायकवाड. जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. मुलाला शाळेत यायला भाग पाडायचे, तर त्याच्या प्रकृतीकडेही पाहणे ओघानेच आले.

८/
हा वारसा सर्वत्र पोहोचला नाही. १९४६ च्या भोर समितीने भारतातील शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्यातच जमा असल्याचे नोंदवले. पाटोदा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९६० मध्ये रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली गेली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला.

९/
या साऱ्या परंपरेचा गाभा एकच होता : तपासणी. डॉक्टर शाळेत येतात, डोळे, दात, वजन पाहतात, नोंद करतात, निघून जातात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे तिचे सर्वांत मोठे रूप. त्याने असंख्य मुलांचे आजार वेळेवर ओळखले. मात्र त्याच्या ३० आजारांच्या मूळ यादीत मधुमेह नव्हता.

१०/
दोन्ही प्रवाहांची गाठ पडली ती १९९३ मुळे. त्या वर्षी अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साखर काटेकोर नियंत्रणात ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतूंची हानी बरीच टळते, हे सिद्ध झाले. त्याची किंमत होती रोज तीन-चार टोचण्या आणि वारंवार रक्ततपासणी. त्यातली एक टोचणी दुपारच्या जेवणापूर्वीची, म्हणजे शाळेच्या वेळातली.

११/
उत्तम उपचारानेच शाळेला उपचाराचे ठिकाण बनवले. अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ च्या आधारे अशा मुलासाठी लेखी योजना मागता येते. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत टाइप १ मधुमेह नाही. त्यामुळे येथे जे मिळाले, ते प्रामुख्याने परिपत्रकांतून.

१२/
२०१७ मध्ये सीबीएसईने मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ व पाणी नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून वर्गात रक्ततपासणी, इन्शुलिन आणि मधला खाऊ यांना परवानगी असावी, असे सुचवले. महाराष्ट्रात त्याआधीपासून हा भार वाहिला तो संस्थांनी. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून गरीब मुलांना इन्शुलिन पुरवत आला.

१३/
परवानगी म्हणजे योजना नव्हे. योजना एका पानाची असते. इन्शुलिन कोणते, किती, किती वाजता? खिचडी उशिरा शिजली तर काय करायचे? घाम, थरथर, चिडचिड, गुंगी दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. आणि हे सारे करणाऱ्या दोन शिक्षकांची नावे. एक रजेवर असेल तर दुसरा हजर हवा.

१४/
वारंवार लघवीला जाणाऱ्या मुलाला अडवायचे नाही, हेही त्याच पानावर हवे. साखर वाढल्याची ती खूण असते, शिस्तभंगाची नव्हे.

१५/
पाटोद्यात या पानाची खरी कसोटी लागते. आई-वडील फडावर, मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी. सकाळ-रात्रीची सुई देणारी आई दूर, म्हणून योजना शाळेच्या घंटेपाशी संपू शकत नाही. ती वसतिगृहातही लागू हवी. फ्रिज नसेल, तर वापरातील इन्शुलिन पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या दुहेरी मडक्यात, कोरड्या डबीत ठेवता येते.

१६/
आणि मूल टोळीबरोबर गेलेच तर? स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश मिळावा, ही त्यामागची कल्पना. बडोद्याच्या तपासणीपासून आलेली नोंदीची परंपरा येथे कामी येईल. त्या कार्डाला मधुमेहाचे एक पान जोडले, तर नव्या गावातल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी सारे कळेल.

१७/
१९२२ ने मुलाला आयुष्य दिले, १९९३ ने ते आयुष्य निरोगी कसे ठेवायचे ते सांगितले. उरलेले काम प्रयोगशाळेचे नाही. देशोदेशीच्या चहात पडणारी साखर ज्यांच्या श्रमातून येते, त्यांच्या लेकराच्या रक्तातली साखर रोज दुपारी कोणीतरी मोजायची आहे. त्या ‘कोणीतरी’च्या जागी एक नाव लिहिले गेले, की शंभर वर्षांचा हा प्रवास पाटोद्याच्या वर्गापर्यंत पोहोचेल.