चेराबिनच्या मागावर

१९६१. पिनांगमधल्या ग्लुगोरच्या मत्स्यसंशोधन केंद्रात तुम्ही एका टाकीवर वाकून उभे आहात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्लं उलटी होऊन, शेपटीच्या दिशेने पोहतायत आणि चार-पाच दिवसांत मरतायत. इथले संशोधक शाओ-वेन लिंग यांनी नाना प्रकारचं खाणं घालून पाहिलंय. कोळंबी नदीतली, तेव्हा पाणी गोडच हवं, असं सगळे धरून चालतात आणि तिथेच घोडं अडतं. मग पाण्यात मीठ पडतं, पिल्लं तगतात. (ते सोयासॉसमधून पडलं, असं सांगतात. प्रयोगशाळेच्या कथांना एवढा तडका चालायचाच.)

१९६९. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं किम्बर्ली. फिट्झरॉय नदी, इथल्या लोकांची मार्टुवारा. समान वेतनाचा निर्णय लागू होताच गुरांच्या कुरणांच्या मालकांनी आदिवासी गुराख्यांना बाहेर काढलंय. पिढ्यान् पिढ्या राबलेली कुटुंबं फिट्झरॉय क्रॉसिंगजवळ उघड्यावर राहतायत. कोरड्या ऋतूत नदीचे नुसते डोह उरलेत. निखाऱ्यांशी बसलेली आजी तुमच्या हातावर एक भाजलेली चेराबिन ठेवते. लिंग यांच्या कोळंबीच्याच कुळातली, तशीच लांब नांग्यांची. पोटाला ही, आणि बारामुंडी धरायला गळालाही हीच. पावसाळ्यात पिल्लं पुराबरोबर खाडीकडे वाहत जातात, कोळंबीचं रूप आलं की प्रवाहाविरुद्ध चढत परततात. टाकीत मिठाने साधलं, ते इथे पूर साधतो. नदीत बंधारा घालणाऱ्यांना हे कळेल तो सुदिन.

आता अजून न उगवलेल्या वर्षात या. न्यिकिना-मंगाला लोकांच्या भूमीवर, ज्या भूमीवरचा त्यांचा हक्क न्यायालयाने २०१४ साली मान्य केला, चेराबिन पाळायचं एक तळं आहे. तळं माझ्या कल्पनेतलं, अडचणी मात्र खऱ्या. रात्री पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून हवा खेळवणारं यंत्र बंद पडून चालत नाही. खाद्य ट्रकने येतं. जानेवारी २०२३च्या पुरात फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला, तो नवा व्हायला डिसेंबर उजाडला होता. त्यात कोळंबी भांडखोर. नुकतीच कात टाकलेली, मऊ पडलेली दिसली की बाकीच्या तिलाच खातात. निळ्या नांग्यांचे दांडगे नर इतरांना वाढू देत नाहीत. म्हणून मधूनमधून जाळं ओढून मोठे काढून घ्यायचे. मग खुजे राहिलेले झपाट्याने वाढतात.

आज तेच चाललंय. पर्थहून आलेला सल्लागार म्हणतो, मोठा माल सगळा बर्फात घालून तिकडे पाठवा, भाव चांगला आहे. तळं चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष असलेल्या बाई तळ्याकडे बघतच सांगतात: आधी शाळेचं स्वयंपाकघर, मग म्हातारी माणसं, उरेल ते पर्थला. सल्लागार आकडे काढतो. बाई म्हणतात, आकडे आम्हालाही येतात; पिल्लांची आई आमच्या नदीतली, तळं आमचं, मग पहिली पेटी कुठे जाणार हे पर्थने का ठरवायचं?

तुम्हीही मत द्यायला तोंड उघडता. तेवढ्यात कुणीतरी तुमच्या हातात जाळ्याचं दुसरं टोक देतं आणि ओढा म्हणतं.