धिंगरी अळिंबी (जालना जिल्हा)

प्लुरोटस प्रजातीतील खाद्य छत्रकवक. छत्र शिंपल्याच्या आकाराचे, देठ आखूड व बहुधा एका बाजूला. रंग जातीनुसार पांढरा, राखाडी वा गुलाबी. साजोर-काजू, फ्लोरिडा व इओस या जाती भारतात लागवडीखाली आहेत. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ मध्ये भाताच्या काडावर धिंगरी वाढवण्याचे प्रयोग झाले.

कच्चा माल : कापूस, सोयाबीन, तूर, मका व गहू ही जालना जिल्ह्यातील महत्त्वाची पिके. मळणीनंतर उरणारे सोयाबीनचे कुटार, गव्हाचा भुसा, बारीक केलेल्या तुराट्या व पऱ्हाट्या धिंगरीला चालतात. यातील बराच भाग बांधावर जाळला जातो. तो अन्नात बदलता येतो, हे या पिकाचे खरे मोल आहे.

लागवड : काड भिजवून गरम पाण्याने निर्जंतुक करतात व निथळू देतात. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी, पण पाणी ठिबकू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत काड व बी थर देऊन भरतात. २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ८० टक्क्यांच्या वरची आर्द्रता मिळाल्यास साधारण तीन आठवड्यांत पहिली तोडणी होते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओली गोणपाटे व पाण्याची फवारणी अपरिहार्य ठरते.

उपयुक्त घटक : अळिंबी वनस्पती नाही, तिच्यात हरितद्रव्य नसते. तिची लॅकेससारखी विकरे काडातील लिग्निन फोडतात आणि त्या अन्नावर ती स्वतःची संयुगे घडवते. त्यांत फिनॉलिक आम्ले, बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा आणि एर्गोथायोनीन हे ऑक्सिडीकरणरोधक प्रमुख आहेत. एर्गोथायोनीन मानवी शरीरात तयार होत नाही, अन्नातूनच मिळते. वनस्पतींतील स्टेरॉलांच्या जागी येथे एर्गोस्टेरॉल असते. अतिनील किरणांनी त्याचे ड-२ जीवनसत्त्व बनते. म्हणून चिरलेली अळिंबी उन्हात वाळवणे लाभदायक. कोलेस्टेरॉल कमी करणारे लोव्हास्टॅटिनही अल्प प्रमाणात आढळते. काड, जाती व तोडणीच्या वेळेनुसार या घटकांचे प्रमाण बदलते.

मर्यादा : यांपैकी बहुतेक गुण प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासले गेले आहेत, त्यामुळे अळिंबीला औषधाचा पर्याय मानू नये. कीटकनाशकांची ताजी फवारणी झालेले काड वापरू नये. बीजाणूंच्या धुळीने काहींना खोकला व दमा होतो, म्हणून तोडणी छत्र पूर्ण पसरण्यापूर्वी व तोंडाला मास्क लावून करावी. लागवडीपूर्वी खरपुडी किंवा बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.