गोमंतकातील जुनी कपाटे आणि त्यांची डागडुजी

'कपाट' हा संस्कृत शब्द मूळचा दाराच्या फळीचा वाचक होय. बदरीनाथाच्या देवालयाची कपाटे उघडली, असे म्हणताना तोच जुना अर्थ अभिप्रेत असतो. काळाच्या ओघात दाराचे नाव दार असलेल्या सबंध वस्तूला मिळाले. 'अलमारी' मात्र समुद्रमार्गाने आली. पोर्तुगीज 'आर्मारिउ' हे तिचे मूळ, आणि त्याचेही मूळ शस्त्रे वा हत्यारे ठेवण्याच्या जागेला लावलेल्या लॅटिन नावात आहे. अलमारीला लागणारी 'चावी' आणि ती घडविणारा 'मेस्त्री' हे दोन्ही शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. शब्द परके, पण लाकूड आणि हात येथले, अशी ही कथा आहे.

त्यापूर्वी आपल्याकडील घरांत चीजवस्तू पेटाऱ्यांत, पेट्यांत, कोनाड्यांत आणि भिंतीतील फडताळांत राहत. 1510 साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर पाश्चात्त्य धर्तीच्या सामानाची मागणी वाढली आणि ती येथील सुतारांनी पुरविली. 'कोंतादोर' नावाचे अनेक लहान खणांचे कपाट हा त्या कारागिरीचा प्रसिद्ध नमुना. सागवानाच्या अंगावर शिसवी वा आबनुसाचे जडावकाम, मधूनमधून हस्तिदंताचे ठिपके, तांब्याच्या मुलामा दिलेल्या पट्ट्या आणि एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, असे त्याचे रूप असे. मागणी युरोपीय घाटाची, परंतु खालच्या घोडीचे पाय पुष्कळदा नागकन्यांच्या आकृतीचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात अशा इंडो-पोर्तुगीज सामानाचे नमुने आजही पाहावयास मिळतात.

या कारागिरांविषयी राज्यकर्त्यांचे धोरण मात्र सरळ नव्हते. 1567 साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या मूर्ती व चित्रे हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. तशी मनाई करावी लागली, याचाच अर्थ ते काम त्यांच्याकडे जात होते. पटाशी आणि रंधा चालविणाऱ्या हाताला पर्याय सहजासहजी मिळत नव्हता.

या जुन्या सामानाचा एक गुण प्रदर्शनाच्या काचेतून दिसत नाही. ते मोडले तर पुन्हा जोडता येईल, अशा रीतीने बांधलेले असे. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसविलेले, आणि सांध्यात जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढलेला सरस. ऊब व ओल मिळाली की सरस सुटतो. त्यामुळे किडलेली एखादीच फळी काढून तेथे नवी बसविता येई आणि बाकीच्या कपाटाला धक्का लागत नसे.

लाखेचेही तसेच. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने 1596 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, येथे पलंग, खुर्च्या आणि कातीव लाकडी सामान लाखेने मढविले जाते, असे नमूद केले आहे. सावंतवाडीच्या लाखकामात ती परंपरा जिवंत आहे. हीच भारतीय लाख शुद्ध करून मद्यार्कात विरघळविली म्हणजे 'फ्रेंच पॉलिश' होते. एकोणिसाव्या शतकात ते युरोपभर पसरले आणि नाव बदलून आपल्या घरांत परत आले. त्यावर चरा पडला तर मद्यार्काचा नवा बोळा फिरवावा. जुना थर मऊ होतो आणि नवा त्यात एकजीव होतो. सगळे खरवडून काढण्याची गरज पडत नाही.

कोकणपट्टीच्या हवेत कपाटाचे शत्रू ठरलेले आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. जमिनीची ओल पायांतून वर चढते आणि तिच्यामागून वाळवी येते. पाय प्रथम कुजतात, म्हणून जुन्या कपाटांचे पाय किंवा घोडी पुढील काळातली असणे नवलाचे नाही. परंतु वाळवीने केले नाही इतके नुकसान कित्येकदा हौसेच्या दुरुस्तीने होते. सैल सांध्यात लोखंडी खिळा ठोकला की तो खाऱ्या हवेत गंजतो, फुगतो आणि लाकूड चिरतो. शिसवीचा जडाव पातळ असतो. त्यावर रंधा मारला की नक्षी भुशाबरोबर जाते. तैलरंगाचा जाड थर दिला की लाकडाची जात ओळखू येईनाशी होते. गळून पडलेला हस्तिदंत तर पुन्हा आणताच येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी त्याचा व्यापार बंद झाला, आणि ते योग्यच झाले.

1923 पासून गोदरेजची पोलादी कपाटे तयार होऊ लागली. त्यांना वाळवी लागत नाही, कुलूपही भक्कम असते. मध्यमवर्गीय घरांनी ती आपलीशी केली, यात आश्चर्य नाही. तथापि त्यामुळे गावच्या मेस्त्रीकडे डागडुजीचे काम कमी येऊ लागले. डागडुजी ही केवळ नव्याने घडविण्यापेक्षा वेगळी विद्या आहे. आधीच्या कारागिराने सांधा कसा बांधला, हे उलगडता आल्यावाचून ती साधत नाही. जुने कपाट उकलणे हाच तिचा वर्ग, आणि तो वर्ग बंद पडला तर ती पुस्तकातून शिकता येणे कठीण.

आजचे संग्रहालयतज्ज्ञ एक नियम सांगतात: दुरुस्ती अशी करावी की पुढे कोणाला ती काढता यावी. सरस आणि लाख वापरणारे मेस्त्री हा नियम न सांगता पाळीत होते. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट आहे, त्यांनीही तोच क्रम धरावा. आधी ओल थांबवावी, मग वाळवी, मग सांधे. चकाकीचा विचार सर्वांत शेवटी. आणि जाणता मेस्त्री गावात असेल, तर कपाट त्याच्या हाती देताना घरातल्या एखाद्या मुलालाही शेजारी बसवावे.