संगणकाचें कोठार आणि थोडक्या पैशांची निवड

खानदेशांतील जुन्या शेतकऱ्याच्या घरीं सारें धान्य एकाच जागीं कधीं नसे. वर्षाचें धान्य जमिनीच्या पोटांत, पेवांत. महिन्या-दोन महिन्यांचें माजघरांतील कणगींत. आठवड्याचें स्वयंपाकघरांतील डब्यांत. आणि चालू वेळचें तेवढें परातींत. पेव उघडावयाचें तर दोघा गड्यांचा अर्धा दिवस मोडे. डबा उघडण्यास हात लांब केला कीं पुरे. परंतु वर्षाचें धान्य मावेल एवढे डबे कोणत्या गृहस्थास परवडले असते? संगणकाच्या स्मरणशक्तीचा ऐंशी वर्षांचा इतिहास ज्यास समजून घ्यावयाचा आहे, त्यानें हें पेव, ही कणगी आणि हा डबा ध्यानांत ठेवावा. पुढील बरीचशी वाट त्यानें सोपी होईल.

रावेर हें भुसावळ–खांडवा लोहमार्गावरील तालुक्याचें गांव. सातपुड्याच्या पायथ्याचें, केळीच्या बागांनीं वेढलेलें. येथील मध्यम स्थितीच्या घरांत संगणक येतो तो बहुधा एकदांच येतो. केळीस भाव बरा मिळाला, अथवा नोकरदार वडिलांच्या हातीं थकबाकीची रक्कम पडली, म्हणजे मुलाच्या बऱ्याच दिवसांच्या हट्टास मान मिळतो. मुलास खेळ खेळावयाचे असतात, वडिलांस तो अभ्यास करील अशी आशा असते, आणि दोघांच्या मिळून एकच यंत्र घ्यावयाचें असतें. चाळीस-पन्नास हजार रुपयांचा हा व्यवहार फसला, तर चार वर्षें दुसरा होत नाहीं. तेव्हां खेळाच्या संगणकाचे भाग कोणते घ्यावे हा प्रश्न वरवर पोरकट दिसला, तरी त्या घरापुरता तो लहान नव्हे.

बहुतेक ठिकाणीं यादी अशी बनते: आधीं प्रोसेसरचें मोठें नांव, मग रंगीत दिव्यांची पेटी, मग ग्राफिक्स कार्ड, आणि जें कांहीं उरेल त्यांत साठवणीचा भाग व पॉवर सप्लाय. म्हणजे स्वयंपाकिणीस सोन्याचें पोळपाट-लाटणें घ्यावयाचें आणि पीठ मात्र रोज पेवांतून आणावयास सांगावयाचें! ज्यांनीं प्रथम असलीं यंत्रें बांधलीं, त्यांनीं विचाराचा आरंभ नेमका दुसऱ्या टोकाकडून केला होता.

१९४६ सालीं जॉन फॉन नॉयमन व त्याचे सहकारी बर्क्स आणि गोल्डस्टाइन यांनीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राच्या रचनेवर एक प्रबंध लिहिला. गणित करणारें अंग कितीहि चपळ केलें, तरी त्यास आंकडे पुरविणारी स्मृति तितकीच चपळ नसेल, तर तें हात जोडून बसून राहणार, हें त्या तिघांनीं ओळखलें होतें. चपळ स्मृति महाग, म्हणून थोडी. विपुल स्मृति स्वस्त, म्हणून मंद. यावर त्यांनीं काढलेला तोडगा म्हणजे स्मृतीचे थर: जवळ थोडी व वेगवान, दूर पुष्कळ व सावकाश. आमच्या शेतकऱ्याच्या बायकोस हें कोणी शिकविलें नव्हतें, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम मुंबईंत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत उभा राहिला. तेथें रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं १९५६ सालीं नमुन्यादाखल एक लहान यंत्र चालू केलें. पूर्ण यंत्र १९६० सालीं कामास लागलें, आणि १९६२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. अठरा फूट लांब व आठ फूट उंच पोलादी चौकट, तींत २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर. जुन्या रेडिओच्या पाठीमागें डोकावून मंद तांबूस प्रकाश पाहिलेल्यांना त्या खोलींतील उष्म्याची कल्पना येईल. स्मृतीसाठीं फेराइटच्या चिमुकल्या कड्या होत्या. प्रत्येक कडी चुंबकत्वाच्या एका किंवा दुसऱ्या दिशेनें ‘होय’ अथवा ‘नाहीं’ एवढेंच लक्षांत ठेवी. एकंदर २,०४८ शब्द, प्रत्येक शब्दास अशीं ४० स्थानें. आजच्या मापानें ही सारी स्मृति दहा किलोबाइट भरते. मोबाइलवर काढलेलें एक साधें छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. एवढ्या डब्यावर देशांतील शास्त्रज्ञांनीं आपलीं गणितें सोडविलीं.

टिफ्रॅकचें नामकरण झालें त्याच १९६२ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनीं पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नांवाचा खेळ तयार केला: पडद्यावर दोन अंतराळयानें, मध्यें एक तारा, आणि एकमेकांवर मारा. मूळ पीडीपी-१ ची स्मृति ४,०९६ शब्दांची, प्रत्येक शब्द १८ स्थानांचा. म्हणजे नऊ किलोबाइट, टिफ्रॅकपेक्षां किंचित् कमीच. आणि टिफ्रॅकलाहि आलेख व अक्षरें दाखविणारा पडदा जोडलेला होता. या खेळाविषयीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो सबंधच्या सबंध डब्यांत मावत असे. खेळतां खेळतां पेवाकडे जाण्याचा प्रसंगच नव्हता. म्हणून एकदां सुरू झाला कीं तो थांबत नसे. खेळ मोठे झाले, डब्यांत मावेनासे झाले, तेव्हां वाट पाहणें आलें.

पेवाचें काम पत्करलें तें फिरत्या चकतीनें. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं रॅमॅक हा संगणक बाजारांत आणला. त्याच्या साठवणयंत्रांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या. वजन टनाच्या घरांत, आणि मावत पन्नास लाख अक्षरें. हवी ती नोंद सांपडण्यास सरासरी सुमारें सहा-दशांश सेकंद लागे. १९८० सालीं सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची पेटींत तितकीच साठवण बसविली, आणि चकती टेबलावरच्या संगणकांत शिरली. आज हजार गिगाबाइटांची, म्हणजे एक टेराबाइटची, हार्ड डिस्क हातांत मावते. रॅमॅकच्या तुलनेनें तिची साठवण अडीच लाख पटींहून अधिक वाढली. आणि शोधण्याचा वेग? मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या चकतीवर नेमकी जागा डोक्याखालीं येण्यास फिरण्यापुरतीच सरासरी चार सहस्रांश सेकंदांहून अधिक वेळ लागतो. वाचणारी भुजा सरकण्याचा वेळ धरला तर एकंदर बारा-तेरा सहस्रांश. म्हणजे रॅमॅकपेक्षां जेमतेम पन्नास पट वेग! साठवण अडीच लाख पट, चपळाई पन्नास पट. ही तफावत ज्यास कळली, त्यास खेळाच्या संगणकाची निम्मी निवड कळली. प्रोसेसर दरम्यान लक्षावधि पटींनीं चपळ झाला होता. तो आतां एका लोखंडी भुजेची वाट पाहूं लागला.

या कोंडींतून सुटका जपानांत झाली. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश स्मृतीचा शोध १९८४ सालीं विद्वानांपुढें मांडला. तींत फिरणारें कांहींच नाहीं; वीज गेली तरी लिहिलेलें राहतें. तिच्यापासून बनलेली ती एसएसडी. तिला जागा शोधण्यास लागणारा वेळ सहस्रांश सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. हार्ड डिस्कच्या शंभरपट चपळ म्हणावयास हरकत नाहीं. परंतु ती महाग होती, आणि सामान्य घरांत येण्यास तिला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. एसएसडी बसविली कीं खेळ दुप्पट पळतो, असें दुकानदार सांगतो तें खरें नव्हे. खेळांतील नगर, डोंगर, माणसें यांचीं चित्रें पेवांतून निघून रॅममध्यें, आणि रॅममधून ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या स्मृतींत जातात. एकदां तेथें पोंचलीं, कीं सेकंदाला किती चित्रें पडद्यावर उमटतील हें ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवितात. एसएसडीचा त्यांत फारसा संबंध नाहीं. तिचा उपयोग आरंभाचें ताटकळणें वांचविण्यांत, आणि विस्तीर्ण प्रदेशांच्या खेळांत वाटेवर बसणारे हिसके टाळण्यांत. आणि तो उपयोग थोडा नव्हे. २०२३ सालच्या स्टारफील्ड या खेळाच्या किमान अटींतच एसएसडी लिहिली होती. मात्र एसएसडींतील भेदाला फार भुलूं नये. साध्या साटा पद्धतीची एसएसडी सेकंदास साडेपांचशे मेगाबाइट देते, एनव्हीएमई पद्धतीची कागदावर त्याच्या सहापट आणि बारापटहि. पण बहुतेक खेळ उघडतांना या दोहोंत मोजके सेकंदच काय ते वांचतात. हार्ड डिस्क सोडून कोणत्याहि चांगल्या एसएसडीकडे जाणें ही मोठी उडी. साध्या एसएसडीकडून अतिवेगवान एसएसडीकडे जाणें ही हौस. हौसेचे पैसे ग्राफिक्स कार्डांत घालावे.

थोडक्या पैशांत मोठें काम करण्याचा धडा महाराष्ट्रांत एकदां फार मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला आहे. अमेरिकेनें शक्तिशाली संगणक देण्यास आढेवेढे घेतले, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झालें. मुदत तीन वर्षांची, रक्कम तीस कोटि रुपयांची; परदेशी महासंगणक एक विकत घेण्यासहि साधारण तेवढेच लागले असते. वऱ्हाडांतील मुरंबा गांवचे डॉ. विजय भटकर हे प्रमुख. त्यांच्या मंडळींनीं एकच अजस्र प्रोसेसर घडविण्याचा हट्ट धरला नाहीं. इंग्लंडांतील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नांवाचे तयार, बेताच्या किंमतीचे प्रोसेसर घेतले. प्रत्येकास शेजाऱ्यांशीं बोलण्याकरितां चार वाटा. सारी बुद्धि ओतली ती ते परस्परांस जोडण्यांत आणि कामाची वांटणी अशी करण्यांत कीं कोणी रिकामा बसूं नये. १९९१ सालीं परम-८००० उभा राहिला.

रावेरच्या मुलाच्या पेटींत याच विचाराचें एक लहान रूप आहे. सोळा गिगाबाइटची एक रॅम-पट्टी घेण्याऐवजीं आठ-आठच्या दोन घेतल्या, तर प्रोसेसरपर्यंत एकाऐवजीं दोन रस्ते खुले होतात. वेगळें ग्राफिक्स कार्ड परवडत नसेल आणि प्रोसेसरमधील अंगभूत चित्रशक्तीवरच भागवावयाचें असेल, तर हा फरक खेळांत स्पष्ट दिसतो.

हे भाग मिळण्याचें जुनें पीठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आतांचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या या रस्त्यावर एके काळीं रेडिओचे हौशी लोक व्हॉल्व्ह व कॉइल शोधीत हिंडत. पुढें त्याच दुकानांतून संगणकाचे भाग मांडले गेले, आणि ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला. भारतानें १९९७ सालीं जागतिक माहिती-तंत्र करारांत प्रवेश केल्यावर आयातीवरील जकात पायरीपायरीनें उतरली व हे भाग आटोक्यांत आले. आतां कुरियर रावेरच्या दारांत माल टाकतो. सोय झाली, पण दुकानदारासमोर पेटी उघडून चालवून पाहण्याची रीत गेली. निदान पक्कें बिल व वॉरंटीचा कागद तरी जपून ठेवावा.

मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत खानदेशचें ऊन धरलेलें नसतें. एप्रिल-मेमध्यें येथें पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. खोलींतील हवाच इतकी तापलेली असतां पेटींतील पंख्यांनीं थंडावा आणावा तो कोठून? एनव्हीएमई एसएसडी फार तापली कीं आपण होऊन वेग उतरविते, ग्राफिक्स कार्डहि तेंच करतें. मग जास्त पैसे मोजलेला वेग उन्हाळाभर कागदावरच राहतो. रंगीत दिवे असलेल्या बंद कांचेच्या पेटीपेक्षां पुढच्या बाजूस जाळी असलेली साधी पेटी येथें शहाणपणाची. पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट यंत्रावर येऊं देऊं नये. आणि पेटीबरोबर जवळजवळ फुकट मिळणारा पॉवर सप्लाय कधींहि पत्करूं नये. विजेच्या चढउतारांत तो मरतो तेव्हां एकटा मरत नाहीं. चांगला पॉवर सप्लाय आणि लहानसा यूपीएस यांस लागणारे पैसे प्रोसेसरची एक पायरी उतरून काढावे. वीज एकाएकीं गेल्यानें लिहितां लिहितां तुटलेली नोंद एसएसडीसहि बाधते. शिवाय हार्ड डिस्क मरण्यापूर्वीं पुष्कळदां खरखरते, कुरकुरते. एसएसडी बहुधा मुकाट्यानें जाते.

किंमतींचा लहरीपणा हा या इतिहासाचा शेवटला अध्याय. २०११ सालीं थायलंडांत महापूर आला, तेथील कारखाने बुडाले, आणि हार्ड डिस्कचे भाव जगभर भडकले. २०२० व २०२१ या सालीं आभासी नाणीं काढणाऱ्यांनीं ग्राफिक्स कार्डें घाऊक उचललीं. पुढें २०२२ सालीं इथेरियम या नाण्याची पद्धत बदलली आणि तींच कार्डें, दिवसरात्र राबवून दमलेलीं, जुन्या बाजारांत स्वस्त म्हणून येऊं लागलीं. २०२५ सालच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांनीं स्मृतीच्या चिपांचा पुरवठा आपल्याकडे ओढला, आणि रॅम व एसएसडी दोन्ही एकदम महागल्या. असल्या दिवसांत टेराबाइटच्या एसएसडीचा हट्ट सोडून पांचशे गिगाबाइटवर भागविणें बरें. चालू असलेले दोन-तीन खेळ तिच्यांत, आणि खेळून झालेले, लग्नकार्याचीं छायाचित्रें, सात-बाराच्या उताऱ्यांच्या प्रती हें सारें जुन्या संगणकांतून काढलेल्या हार्ड डिस्कमध्यें. ती चालू आहे कीं नाहीं तें आधीं तपासून, धूळ पुसून, पेटीच्या तळाशीं तिला जागा करून द्यावी.