एका वारशाच्या दोन पात्या



देवासचा इतिहास पीपलरावांच्या श्रोत्यांना मी सांगावा असे नाही. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून थोरली व धाकटी अशा दोन पात्या निघाल्या आणि १९४८ पर्यंत एकाच शहरात दोन संस्थाने नांदली. संगणकाच्या प्रोसेसरांची स्पर्धा अभ्यासताना मला या व्यवस्थेची वारंवार आठवण होते. कारण इंटेल आणि एएमडी या अमेरिकन कंपन्यांचे भांडण हे परक्यांचे नव्हे, भाऊबंदकीचे आहे.

त्याचे मूळ एका गिऱ्हाइकाच्या सावधपणात सापडते. १९८१ साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा ८०८८ निवडला. परंतु एकाच पुरवठादारावर विसंबण्याची तिची तयारी नव्हती. या आग्रहापोटी १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला आणि प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची एकच भाषा दोन घरांत गेली. बाजारपेठ हाती आल्यावर थोरल्या पातीचे मन पालटले. १९८५ च्या ८०३८६ चा आराखडा तिने दिला नाही. प्रकरण लवादापुढे आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले. एएमडीने मात्र अंतिम निकालाची वाट न पाहता स्वतःचा ३८६ घडवून १९९१ मध्ये विक्रीस आणला. इंटेलचा ३८६ तेहतीस मेगाहर्ट्झवर थांबलेला, हिचा चाळीसवर धावणारा! त्याच वर्षी ‘३८६’ या आकड्यावर नाममुद्रेचा हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. म्हणून मार्च १९९३ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीला आकडा न देता ‘पेंटियम’ हे नाव ठेवण्यात आले.

येथे पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम यांचा संबंध येतो. वृत्तपत्रांनी त्यांना पेंटियमचे जनक म्हटले. मला हे बिरुद पटत नाही. लक्षावधी ट्रान्झिस्टरांची अशी रचना हे मोठ्या समूहाचेच काम असते. पण त्या कामाच्या नेतृत्वात त्यांचा वाटा होता, हे निर्विवाद. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या लहान कंपनीत गेले; ती लवकरच एएमडीने विकत घेतली आणि नेक्सजेनच्या आराखड्यातून एप्रिल १९९७ मध्ये ‘के६’ अवतरला. तो पेंटियमच्याच खोबणीत बसे. संगणक बांधणाऱ्याला मुख्य पाटी बदलावी लागत नसे. पुढच्याच महिन्यात आलेल्या पेंटियम-२ साठी इंटेलने खोबणीच बदलली. त्या बदलास तांत्रिक कारणे होती, हे मी मान्य करतो. तथापि धाकटीला उंबरठ्याबाहेर ठेवण्याचा लाभ थोरलीच्या ध्यानात आला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

मार्च २००० मध्ये एक गिगाहर्ट्झची मजल एएमडीने इंटेलच्या केवळ दोन दिवस आधी गाठली. या शर्यतीचा गाजावाजा फार झाला. माझ्या मते खरी लढाई भाषेच्या वारशाची होती. चौसष्ट बिटांच्या युगासाठी इंटेलने एचपीच्या साहाय्याने ‘आयटेनियम’ ही निराळी वाट धरली आणि २००१ मध्ये तो प्रोसेसर आणला. त्याच्यासाठी प्रोग्राम नव्याने सिद्ध करावे लागत. जुने त्यावर मंदावत. एएमडीने जुनी भाषाच विस्तारली. २००३ च्या तिच्या ‘ऑप्टेरॉन’वर जुने प्रोग्रामही सुरळीत चालले. २००४ मध्ये इंटेलने तोच विस्तार आपल्या प्रोसेसरांत स्वीकारला, मात्र त्याला स्वतःचे वेगळे नाव दिले.