किल्ली कोणी न्यावी?

गुप्त पत्रांची गोष्ट निघाली की आपल्याला अदृश्य शाई आणि वेषांतर केलेला हेर आठवतो. खरी अडचण मात्र निराळीच होती. ज्या किल्लीने मजकूर कुलूपबंद करायचा, तीच पलीकडच्या माणसाजवळही हवी. ती पोचवावी कशी? दुसऱ्या महायुद्धात लिओ मार्क्स या इंग्रज संकेततज्ज्ञाने हेरांच्या किल्ल्या रेशमावर छापवून घेतल्या. रेशीम अस्तरात शिवता येई, झडतीत हाताला लागत नसे, आणि वापरलेला तुकडा कापून जाळून टाकता येई. तरी किल्ली नेणाऱ्याचा जीव टांगणीला तो टांगणीलाच!

१९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर जी युक्ती प्रसिद्ध केली, ती फराळाच्या ताटाशी बसूनही करून पाहता येईल. ३ आणि १७ हे आकडे सर्वांदेखत मांडा. ताईने मनात ६ धरावा. सहा वेळा ३ मांडून गुणाकार केला की ७२९. १७ ने भागून बाकी १५. भाऊने मनात ३ धरावा. त्याचे २७, बाकी १०. या दोन्ही बाक्या खुशाल मोठ्याने सांगाव्यात. आता ताईने भाऊचा १० सहा वेळा गुणावा: दहा लक्ष, बाकी ९. भाऊने ताईचा १५ तीन वेळा गुणावा: ३३७५, बाकी ९! आणि हा नऊ कोणी उच्चारलेलाच नाही. खरे आकडे शेकडो अंकी असतात, म्हणून चोरून ऐकणारा हात चोळीत बसतो.

पण नऊ म्हणजे काही पत्र नव्हे. त्यावर संस्कार करून किल्ली घडवायची आणि मजकूर जुन्याच, दोघांची किल्ली एक अशा कुलपात घालायचा. कारण मोठाल्या आकड्यांचे गणित संथ, ते कुलूप चपळ. लोकांना नवल गणिताचे वाटते, मला त्या जुन्या कुलपाला पुन्हा आलेल्या तारुण्याचे! मोबाइलवरून जाणाऱ्या दिवाळीच्या शुभेच्छाही आज बहुधा याच रीतीने जातात. पलीकडे खरोखर भाऊच आहे की त्याचे सोंग घेतलेला कोणी, हे मात्र हे गणित सांगत नाही. ती ओळख निराळी पटवावी लागते.

इंग्लंडात चेल्टनहॅमच्या सरकारी संकेतखात्यातील जेम्स एलिस यांनी, किल्ली आधी न पोचवताही गुप्त निरोप धाडता येतो, हे १९७० सालीच लिहून ठेवले होते. त्यांचे सहकारी माल्कम विल्यमसन यांना १९७४ साली वरचेच गणित सापडले. दोघेही गुप्ततेने बांधलेले. कौतुक अमेरिकेत झाले, हे गप्प राहिले. डिसेंबर १९९७ मध्ये खात्याने सारे उघड केले. एलिस नोव्हेंबरातच वारले होते.