खलनायक-पराभवाचे तर्क
ॲनिमेशन मालिका चालू असताना, तिच्यातील खलनायकाचा पाडाव कसा होईल याविषयी चाहत्यांनी बांधलेली अनुमाने. सलग कथानकाच्या मालिकांत (पहा : धारावाहिक) शेवट लांबणीवर पडत असल्याने अशा तर्कांना वाव मिळतो. निकेलोडियनवरील ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ (२००५–०८) हे ठळक उदाहरण. जीवहत्या निषिद्ध मानणारा नायक आंग खलनायक अग्निसम्राट ओझाईला ठार मारील काय, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न. संवाद, पूर्वकथा व पार्श्वभूमीतील चित्रे हे तर्कांचे मुख्य आधार. ग्रंथालयात घडणाऱ्या भागात आंगला दिसणारे सिंहकासव या काल्पनिक प्राण्याचे चित्र ही शेवटाची पूर्वसूचना ठरते (पहा : पूर्वसूचन). १९ जुलै २००८ रोजी प्रसारित अंतिम भागांत सिंहकासवाकडून लाभलेल्या विद्येने आंग ओझाईची अग्निशक्ती हिरावतो, पण त्याला जिवंत ठेवतो. कथासंकेतांचे प्रेक्षककृत वाचन व शेवटाची पूर्वतयारी यांच्या अभ्यासात असे तर्क उपयुक्त ठरतात (पहा : कथनमीमांसा, चाहता-संस्कृती).